बायबलकालीन हिब्रू बोलत शिकण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

हिब्रू हिब्रूतूनच शिकवावी, हा आग्रह प्रथम बायबलच्या अभ्यासकांनी धरलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन अमलाखालील पॅलेस्टाइनमधल्या ज्यू शाळांना ही भाषा मुलांच्या तोंडी रुळवायची होती. 'इव्रित बे-इव्रित' म्हणजे 'हिब्रूतून हिब्रू' ही पद्धत तिथे रुजली. 1949 साली जेरुसलेममध्ये प्रौढ स्थलांतरितांसाठी 'उलपान' वर्ग सुरू झाले, तेही याच धर्तीवर. प्राचीन हिब्रूचे अध्यापन मात्र व्याकरण आणि भाषांतर यांतच अडकून राहिले. मुंबईत 1832 साली एका स्कॉटिश मिशनऱ्याने बेने इस्रायली या मराठीभाषक ज्यू समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, तेही त्याच परंपरेतले.

1960 च्या दशकात अमेरिकेत आज्ञा ऐकून कृती करण्याची भाषाशिक्षणपद्धत पुढे आली आणि कालांतराने बायबलच्या वर्गांनी ती उचलली. 'कूम' (ऊठ), 'लेख' (जा), 'शेव' (बस) ही रूपे प्राचीन आणि आधुनिक हिब्रूत सारखीच असल्याने सुरुवात सोपी झाली. खरा वाद त्यानंतर उभा राहिला: वर्गातील संभाषणात आधुनिक हिब्रूला किती वाव द्यायचा?

होकाराचेच उदाहरण घ्या. आज सर्रास 'केन' म्हणतात. बायबलमध्ये या शब्दाचा अर्थ 'असे, तसे' असा आहे. बायबलमधील 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 29 व्या अध्यायात याकोब मेंढपाळांना लाबानाला ओळखता का असे विचारतो, तेव्हा ते 'यादानू' म्हणजे 'ओळखतो' एवढेच सांगतात. मराठी माणसाला ही रीत परकी वाटणार नाही. तरीही अनेक शिक्षक सोयीसाठी 'केन' चालवून घेतात.

क्रियापदांचा गुंता याहून मोठा आहे. आधुनिक हिब्रूत 'योमार' म्हणजे 'तो म्हणेल'. बायबलमध्ये याच क्रियापदाच्या जवळच्या रूपाआधी 'व' लागून 'वय्योमेर' होते आणि अर्थ होतो 'आणि तो म्हणाला'. मध्ययुगीन वैयाकरणांनी या 'व'ला 'उलटवणारा वाव' म्हटले ('वाव' हे त्या अक्षराचे हिब्रू नाव), जणू तो भविष्याचा भूतकाळ करतो. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण भाषेच्या इतिहासाचा माग काढला असता तिथे भूतकाळ दाखवणारे एक जुने, आखूड रूपच टिकून राहिल्याचे दिसते. उलटलेले असे काहीच नाही. आधुनिक हिब्रूने ही रचना नेहमीच्या बोलण्यातून वगळली. त्यामुळे वर्गात केवळ आजची भूतकाळी रूपे वापरली, तर विद्यार्थी फाडफाड बोलू लागतो, पण बायबलमधील कथनाच्या कण्यालाच मुकतो. माझ्या मते ही तडजोड प्राचीन उच्चारांऐवजी आजचे उच्चार वापरण्याच्या तडजोडीहून कितीतरी महाग पडते.

म्हणूनच अलीकडच्या वर्गांत कृतीनंतर लगेच कथन येते. एक जण उठून दाराकडे जातो आणि बाकीचे त्याच्याविषयी सांगतात: 'वय्याकोम वय्येलेख', तो उठला आणि गेला.