पार्श्वभूमी : कानोची नीळ, लागोसचे कपडे

लागोसमधला 'दिस इज अस' हा कपड्यांचा छोटा ब्रँड २०१६ च्या सुमारास सुरू झाला. कपडे साधे, ढगळ, रोज घालता येतील असे. सुती कापड कात्सिना राज्यातल्या फुंटुआचं, रंग उत्तर नायजेरियातल्या कानो शहरातल्या कोफार माता इथल्या निळीच्या कुंडांतला आणि शिलाई लागोसची. शाश्वत फॅशनचा विषय निघाला की नायजेरियातल्या अशा ब्रँडची नावं हमखास घेतली जातात. मात्र त्यांनी नेमकं काय हाती घेतलं आहे हे समजून घ्यायचं, तर कानोच्या रंगाऱ्यांचं गिऱ्हाईक कोण होतं आणि ते कसं तुटलं, तिथपर्यंत मागे जावं लागतं.

कोफार माताची कुंडं १४९८ पासूनची आहेत, असं तिथले रंगारी सांगतात. जमिनीत खोल खणलेले, आतून गिलावा केलेले हे गोल खड्डे. त्यात पाणी, लाकडाची राख, क्षार आणि वाळवलेली नीळ घालून मिश्रण कित्येक दिवस आंबवतात. रंगारी काठावर बसून कापड हातानेच बुडवतो, वर काढतो, पुन्हा बुडवतो. वर आलेलं कापड आधी हिरवट-पिवळं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. फिकी छटा लवकर मिळते, गडद निळ्यासाठी तासन्‌तास हात चालवावा लागतो. मग ते कापड लाकडी मोगरीने ठोकून ठोकून चकचकीत करतात. इस्त्री आणि चमक एकाच कामात होते. आपल्याकडे सोलापूर-नगर भागातल्या निराळी समाजाचा पिढीजात धंदा निळीच्या रंगाईचाच होता. त्यामुळे जुन्या मराठी घरांना हे काम अगदीच परकं वाटू नये.

या निळीचं मोठं गिऱ्हाईक सहारात होतं. अगदी अरुंद पट्ट्या विणून, त्या जोडून केलेलं आणि ठोकून जवळजवळ काळं-जांभळं दिसणारं पागोट्याचं कापड सहारातले भटके तुआरेग लोक कानोहून नेत. त्याची नीळ अंगाला लागते, म्हणून त्यांना 'निळे लोक' हे नाव पडलं. जर्मन प्रवासी हाइनरिश बार्थ १८५१ मध्ये कानोत होता. कानोचं कापड वाळवंटापलीकडे कुठवर जातं याची त्याने बारकाईने नोंद केली आणि या निर्यातीची किंमत वर्षाला किमान ३० कोटी कवड्या धरली. कापूस आसपासच्या शेतांतला, सूत बायकांनी कातलेलं, विणकर आणि रंगारी पुरुष. शेतापासून पागोट्यापर्यंतची सगळी साखळी एका टापूत होती. आज शाश्वत फॅशनच्या नावाखाली जे मागितलं जातं, ते तेव्हा व्यापाराचं साधं गणित होतं.

१९०३ मध्ये इंग्रजांनी कानो घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९०२ मध्ये, लँकेशायरच्या गिरण्यांसाठी साम्राज्यात कापूस पिकवून घ्यायला ब्रिटिश कॉटन ग्रोइंग असोसिएशन स्थापन झाली होती. १९११ च्या सुमारास रेल्वे कानोला पोचली ती याच आशेवर. नागपूरपर्यंत १८६७ मध्ये आलेल्या रेल्वेमागे वऱ्हाडच्या कापसाची जी ओढ होती, तीच ही. कानोत मात्र डाव उलटला. भुईमुगाला भाव चांगला होता, म्हणून शेतकऱ्यांनी गाड्या भुईमुगाने भरल्या. कापसाला तर स्थानिक विणकरच असोसिएशनपेक्षा जास्त पैसे देत होते. या इतिहासातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हातमाग स्वस्त कापडापुढे लगेच कोसळला, ही समजूत इथे खरी ठरत नाही.

धक्का बसला तो हळूहळू आणि अनेक बाजूंनी. व्यापार रेल्वेने समुद्राकडे वळला आणि सहाराच्या वाटा ओस पडत गेल्या. जर्मनीच्या बीएएसएफने १८९७ मध्ये रासायनिक नीळ बाजारात आणली होती. तिने बंगाल-बिहारच्या निळीचा धंदा बुडवला आणि पुढे पश्चिम आफ्रिकेतही जम बसवला.

दक्षिणेकडे, लागोसजवळच्या अबेओकुटा शहरात, गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. तिथल्या योरुबा बायका 'आदिरे' करत; कापडाला गाठी मारून किंवा त्यावर कसाव्याच्या खळीने नक्षी काढून ते निळीत बुडवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा धंदा भरभराटीला आला तो मँचेस्टरहून आलेल्या पांढऱ्या कापडावर. हात योरुबा, नक्षी योरुबा, सूत परदेशी. पुढे त्यांनी रासायनिक नीळ आणि कॉस्टिक सोडा वापरायला सुरुवात केली. कापड विटतं, फाटतं अशा तक्रारी आल्या आणि १९३० च्या दशकात तिथल्या राजाने, म्हणजे आलाकेने, त्यावर बंदी घातली. रंगारणी संघटित होऊन बंदीविरुद्ध उभ्या राहिल्या. नैसर्गिक रंगाचा आग्रह धरायचा तर वाढीव कष्टांचे पैसे कोण देणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

स्वातंत्र्याच्या आसपास कापूस गिरण्यांकडे गेला. १९५७ मध्ये उत्तरेतल्या कडुना शहरात कडुना टेक्स्टाइल्स ही गिरणी उभी राहिली आणि ऐंशीच्या दशकापर्यंत देशात दीडशेहून अधिक गिरण्या झाल्या. मग वीज नाही, यंत्रं जुनी, चोरट्या आयातीचा आणि चिनी छापील कापडाचा लोंढा. २००५ मध्ये जागतिक कापड व्यापारातला, देशोदेशींच्या निर्यातीवर मर्यादा घालणारा कोटा संपला आणि २००७ मध्ये कडुनातली युनायटेड नायजेरियन टेक्स्टाइल्स बंद पडली. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला कडुनाबद्दल वेगळं सांगायला नको.

'मकी ओह' हा ब्रँड २०१० मध्ये आदिरे घेऊन पुढे आला तो या पार्श्वभूमीवर. २०११ मध्ये लागोस फॅशन वीक सुरू झाला आणि अशा छोट्या नावांना मंच मिळाला. २०२५ मध्ये या फॅशन वीकला पर्यावरणासाठीचा अर्थशॉट पुरस्कारही मिळाला. त्याच बाजारात 'आफ्रिकन प्रिंट' म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड मुळात जावाच्या बाटिकची डच नक्कल आहे. त्यातलं सर्वांत मोठं नाव असलेली व्हलिस्को कंपनी १८४६ पासून हॉलंडमधल्या हेल्मोंडची. लोकांनी ते आपलंसं केलं, त्याला स्वतःची नावं दिली, ते खरंच. पण त्या पैशातलं कानोच्या रंगाऱ्याला काहीच मिळत नाही.

कुंडातली नीळ वापरणाऱ्या ब्रँडला धंद्याची रीतच बदलावी लागते. दोन कुंडांचा निळा एकसारखा येत नाही, एकाच कुंडाचाही महिन्याभराने बदलतो. म्हणून माल थोडा काढायचा, ऑर्डर आल्यावर शिवायचं आणि छटेतला फरक गिऱ्हाइकाला आधीच सांगायचा. मोठ्या दुकानाची हजार नगांची ऑर्डर, तीही एकाच छटेत, घेताच येत नाही. कोफार मातात शंभराहून अधिक कुंडं आहेत, त्यातली मोजकीच चालू आहेत. वर्षभर नियमित काम मिळालं तरच एखाद्या रंगाऱ्याचा मुलगा काठावर बसायला तयार होतो.

सुताची अडचण त्याहून मोठी. कताई आणि विणाई करणाऱ्या गिरण्या मिटल्यामुळे कापूस शेजारी पिकत असला तरी त्याचं कापड जवळपास मिळेलच असं नाही. फुंटुआचा आग्रह धरणं म्हणूनच निळीच्या आग्रहापेक्षा अवघड आहे, आणि माझ्या मते जास्त मोलाचं. आदिरेच्या सुवर्णकाळातही जी कडी बाहेरची होती, ती पुन्हा देशात आणायचा हा प्रयत्न आहे. कपडा हातात घेतल्यावर रंग कुठला हे बहुतेक जण विचारतात. सूत कुठलं, हे विचारणारी गिऱ्हाइकं अजून फार थोडी आहेत.