एकतीस दिवसांची हळकुंडं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची थप्पी मोजायची तर कोणी एकेक पोतं मोजत बसत नाही. आडवी सात, उभी पाच, म्हणजे एका थरात पस्तीस. मग थर मोजायचे. पण पोती सदतीस असली तर? कशीही मांडा, सारख्या रांगा जमत नाहीत. एकच लांबलचक रांग लावावी लागते. अशी रांगांत न बसणारी संख्या म्हणजे मूळ संख्या.

आता पोत्यांऐवजी हळकुंडं घेऊ. १ जानेवारीला एक हळकुंड ठेवायचं, २ तारखेला दोन, ३ तारखेला चार, असं रोज दुप्पट. ३१ तारखेला ढिगात एकूण २,१४,७४,८३,६४७ हळकुंडं जमतात. दोनाचा एकतिसावा घात, त्यातून एक वजा. एवढा ढीग सारख्या रांगांत मांडता येईल का?

एप्रिलचा ढीग मांडता येतो. तीस दिवसांच्या जोड्या लावा: पहिल्या दोन दिवसांची १ + २ = ३, पुढच्या दोन दिवसांची ४ + ८ = १२, मग ४८. प्रत्येक जोडीला तिनाने भाग जातो, म्हणून सगळ्या ढिगालाही जातो. दिवसांचे सारखे गट पडले की ढिगाच्याही रांगा पडतात. ३१ मूळ संख्या असल्याने तिचे गट पडत नाहीत. पण तेवढ्याने काम भागत नाही. ११ हीसुद्धा मूळ संख्याच, तरी अकरा दिवसांचा ढीग २०४७ हळकुंडांचा होतो, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

हे २३ आणि ८९ जरा निरखून पाहा. दोन्हींतून एक काढला तर २२ आणि ८८ उरतात, आणि दोन्हींना अकराने भाग जातो. हा योगायोग नाही. दिवसांची संख्या मूळ असेल तर ढिगाच्या प्रत्येक विभाजकाला हे बंधन पाळावंच लागतं. फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० मध्येच हे ओळखलं होतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच: विभाजक सापडायच्या आधीच त्याचा चेहरामोहरा ठाऊक असतो.

स्विस गणिती ऑयलरने जानेवारीच्या ढिगाला हेच बंधन लावलं. वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतचे विभाजक तपासले की पुरे. त्यात आणखी एक अट अशी, की विभाजकाला आठाने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. दोन्ही चाळण्यांतून पावणेचारशेसुद्धा संख्या खाली पडत नाहीत. त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही. ऑयलरने हे १७७२ मध्ये कळवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. पुढे कित्येक दशकं याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी याच जातीची, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणारी, नवी संख्या मूळ असल्याचं सिद्ध झालं. तिच्यासाठी हळकुंडं १३,६२,७९,८४१ दिवस, म्हणजे पावणेचार लाख वर्षांच्या आसपास, रोज दुप्पट करत राहावी लागतील. ती संख्या नुसती लिहून काढायची तर ४,१०,२४,३२० अंक लागतात.