शिकागोचे थोरले आणि धाकटे हॅरिसन

शिकागोच्या इतिहासात ‘महापौर कार्टर हॅरिसन’ असा उल्लेख आला की आधी सन पाहावे. कारण या नावाचे महापौर दोन झाले, ते बापलेक होते आणि दोघेही पाच-पाच वेळा निवडून आले.

थोरले हॅरिसन १८२५ साली केंटकीत जन्मले, येल येथे शिकले आणि १८५५ मध्ये शिकागोला येऊन जमिनींच्या खरेदी-विक्रीत त्यांनी बस्तान बसवले. १८७१ च्या भीषण आगीनंतर ते शिकागो ज्या जिल्ह्यात येते त्या कुक काउंटीच्या मंडळावर निवडून गेले, पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये बसले आणि १८७९ पासून सलग चार मुदती, म्हणजे आठ वर्षे, महापौर राहिले. ४ मे १८८६ रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात झालेल्या कामगारांच्या सभेला ते जातीने हजर होते. महापौर इथे आहे हे लोकांना दिसावे म्हणून ते पुन्हा पुन्हा काडी ओढून सिगार पेटवीत होते; सभा शांततेत चालल्याचे पोलीस अधिकाऱ्याला सांगून ते घरी गेले, आणि नंतर पोलीस सभा उठवायला आले तेव्हा बॉम्ब पडला. विवेकानंदांच्या भाषणामुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेल्या १८९३ च्या शिकागोचे महापौरही हेच. जागतिक प्रदर्शन संपायला दोन दिवस उरले असताना, २८ ऑक्टोबरला, शहराच्या वकिलाचे पद आपल्यालाच मिळायला हवे होते असे मनात घेतलेल्या पॅट्रिक प्रेंडरगास्टने त्यांच्या राहत्या घरी त्यांना गोळ्या घातल्या, आणि समारोपाचा नियोजित सोहळा रद्द झाला.

धाकटे १८६० चे, शिकागोतच जन्मलेले पहिले महापौर. त्यांची कारकीर्द १८९७ ते १९०५ आणि पुन्हा १९११ ते १९१५. शेवटची मुदत मात्र चार वर्षांची, त्यामुळे ‘पाच वेळा’ हे बिरुद सारखे असले तरी सत्तेची वर्षे मुलाच्या वाट्याला अधिक आली. ट्रामसम्राट चार्ल्स यर्क्सला पन्नास वर्षांचा परवाना मिळू नये यासाठीची झुंज त्यांची, आणि १९११ मध्ये एव्हरली क्लब हा नामांकित कुंटणखाना बंद करण्याचा हुकूमही त्यांचाच. दारूचे गुत्ते आणि जुगार यांकडे काणाडोळा केल्याचा आरोप वडिलांवर सतत होत असे, हे ध्यानात घेतले तर हा हुकूम चुकून वडिलांच्या खाती मांडला जाऊ नये.

युनियन पार्कमधला पुतळा थोरल्यांचा आहे. हॅरिसन स्ट्रीट मात्र दोघांपैकी कोणाच्याच नावाचा नाही. तो राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या नावाचा.