शार्कचा जीवाश्म दात : खरेपणाची पारख

शार्कचा जीवाश्म दात विकत घेण्यापूर्वी तो अस्सल आहे, डागडुजी केलेला आहे की साच्यातून काढलेला आहे, हे त्याची जडणघडण, पृष्ठभाग व प्राप्तिस्थान यांवरून ठरवण्याची पद्धत. कोकण किनाऱ्यावर शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. हर्णै, मिरकरवाडा, मालवण यांसारख्या बंदरांवर मासळी उतरते तेव्हा मुशीचा ताजा जबडा जवळून पाहता येतो, आणि पारख शिकण्यासाठी याहून चांगला नमुना नाही. डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यानेही हाच मार्ग धरला होता. इटलीतील लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका प्रचंड शार्कच्या डोक्याचे त्याने १६६६ मध्ये विच्छेदन केले. खडकात सापडणारे व ‘जिभेचे दगड’ म्हणून ओळखले जाणारे पदार्थ शार्कचेच दात आहेत, असे त्याने पुढच्या वर्षी मांडले.

मुशीचा सांगाडा कूर्चेचा असल्याने तो क्वचितच टिकतो. दात मात्र जबड्यात ओळींनी येतात, झिजलेले गळतात, मागचे पुढे सरकतात, आणि एका मुशीच्या आयुष्यात असे हजारो दात समुद्रतळाशी जातात. म्हणूनच शार्कचे लहान जीवाश्म दात जगात विपुल आहेत आणि त्यांची नक्कल करण्यात कोणाला फारसा लाभ नाही. फसवणूक होते ती मोठ्या दातांत, विशेषतः मेगॅलोडॉन या नामशेष शार्कच्या दातांत. हा शार्क सुमारे २.३ कोटी ते ३६ लाख वर्षांपूर्वीच्या काळात होता. त्याचे १५ सेंमी.पेक्षा मोठे व अखंड दात दुर्मिळ आहेत.

दात हातात घेण्याआधी तो कोठून आला हे विचारावे. ‘इथल्याच किनाऱ्यावर सापडला’ असे सांगून कोणी मेगॅलोडॉनचा दात दाखवला, तर भूविज्ञान त्याच्या बाजूने उभे राहत नाही. रायगड व रत्नागिरीचा पाया सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा आहे आणि त्यावर जांभा आहे. दक्षिण सिंधुदुर्गातील खडक तर त्याहूनही जुने आहेत. रत्नागिरी परिसरात जांभ्याखाली लिग्नाइटयुक्त चिकणमातीचे थर आहेत, पण त्यांत मिळतात ते प्रामुख्याने वनस्पतींचे अवशेष. किनाऱ्यावरचा करळ, म्हणजे वाळू व शिंपल्यांचा घट्ट झालेला दगड, भूवैज्ञानिक दृष्टीने अगदी अलीकडचा आहे. मेगॅलोडॉनच्या काळातील सागरी चुनखडक मुंबई हायच्या तेलक्षेत्रात आहे खरा, परंतु तो समुद्रतळाखाली १,००० मीटरहून अधिक खोल आहे. भारतात शार्कचे जीवाश्म दात कच्छमध्ये व ओडिशातील बारीपदा येथील थरांत मिळाले आहेत. बाजारातील मोठे दात बहुधा अमेरिकेच्या कॅरोलिना व फ्लोरिडा भागांतून किंवा इंडोनेशियातील जावा बेटावरून येतात.

प्रत्यक्ष तपासणीसाठी सोनार वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. अस्सल दाताचे शिखर व मूळ ही दोन वेगळ्या पोतांची अंगे असतात. शिखरावर काचेसारखे गुळगुळीत, कठीण आवरण असते. मूळ सच्छिद्र व खडबडीत असते, आणि त्यात रक्तवाहिन्यांची बारीक छिद्रे दिसतात. मेगॅलोडॉनच्या दातात जिभेकडच्या बाजूस या दोहोंच्या मध्ये गडद, कोनाकार पट्टा असतो. तीच बाजू फुगीर व ओठाकडची तुलनेने सपाट असते. आवरणावर अनेकदा केसासारख्या उभ्या भेगा असतात, ज्या रंगाच्या थराखाली बुजतात. रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकच्या, नकलेत मात्र शिखर आणि मूळ एकाच पोताचे भासतात, खोलगट जागी हवेचे बुडबुडे सापडतात आणि कडेने साच्याची शिवण फिरते. तंतोतंत सारखे दोन दात ठेवलेले दिसले की शंका उरत नाही, कारण एकाच मुशीच्या जबड्यातही वरचे व खालचे दात, मधले व कडेचे दात निराळे असतात. रंगावरून मात्र निर्णय करू नये: काळा, राखाडी, तपकिरी किंवा पिवळट रंग गाळातील खनिजांमुळे येतो, वयामुळे नव्हे.

पूर्ण नकलेपेक्षा अर्धी नक्कल ओळखणे अवघड, आणि ग्राहक खरा फसतो तो तिथेच. तुटलेले मूळ लुकणाने भरणे, बोथट धारेवर नवे दाते कोरणे, एका दाताचे शिखर दुसऱ्याच्या मुळाला चिकटवणे हे प्रकार सर्रास होतात. मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींतील ओटोडस या शार्कचे दात मुबलक व अस्सल असले, तरी ते ज्या ‘दगडात’ रुतलेले दाखवतात तो पुष्कळदा वाळू आणि गोंद यांचा बनवलेला असतो. अतिनील टॉर्चखाली अनेक प्रकारचे गोंद व भरणाचे पदार्थ दातापेक्षा वेगळे चमकतात. ॲसिटोन लावलेल्या कापसाच्या बोळ्याला रंग लागला, तर रंगकाम झाल्याचे कळते. डागडुजी सांगून विकलेला दात खोटा ठरत नाही. ती लपवणे हीच लबाडी.

आजच्या मुशीचा दात चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून जीवाश्म म्हणून खपवणे हा आणखी एक प्रकार. ताज्या दातात सेंद्रिय द्रव्य शिल्लक असते, त्यामुळे मुळाच्या आडबाजूस तापलेली सुई टेकवली तर जळक्या केसांचा वास येतो. जुन्या जीवाश्मातून तो येत नाही आणि प्लास्टिक वितळते. ही चाचणी विक्रेत्याच्या परवानगीनेच करावी. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर वापरू नये, कारण दाताचे खनिज ॲपेटाइट आम्लात विरघळते आणि अस्सल दातही खराब होतो. शिवाय, २००१ पासून शार्क व पाकट यांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे; म्हणून ताजा दात असल्यास तो कोणत्या जातीचा, हा प्रश्न कायद्याचाही होतो. पावतीवर शार्कचे नाव, प्राप्तिस्थान, थराचा काळ आणि केलेली डागडुजी या चारही गोष्टी लिहून घ्याव्यात.