तिबेटचं पठार एवढं उंच आणि एवढं सपाट कसं?

भारत आशियावर आदळला, मधल्या टेथिस समुद्रातला गाळ वर आला आणि हिमालय झाला, ही शाळेतली गोष्ट पर्वतरांगेपुरती ठीक आहे. पण रांगेमागे सुमारे 25 लाख चौरस किलोमीटरचं, साडेचार-पाच हजार मीटर उंचीचं पठार पसरलंय. त्याचं काय? आपलं दख्खन इथे उपयोगाचं नाही. ते लाव्ह्याच्या थरांचं, टकरीच्याही आधीचं.

या कोड्याचा पहिला धागा मैदानातल्या मोजणीत सापडला. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना यांच्यातलं अंतर दोन रीतींनी काढलं होतं, जमिनीवर मोजून आणि ओळंब्याच्या आधारे ताऱ्यांवरून. उत्तरांत कोनाच्या 5.236 सेकंदांचा (वेळेच्या नव्हे), म्हणजे साधारण 160 मीटरचा फरक पडला. हिमालय ओळंबा आपल्याकडे ओढत असणार, असा तर्क झाला. कलकत्त्याचे आर्चडिकन (ख्रिस्ती धर्माधिकारी) जॉन प्रॅट गणितात मुरलेले. त्यांनी हिमालय आणि पलीकडच्या पठाराचं वस्तुमान धरून हिशेब केला, तर फरक जवळपास 16 सेकंद यायला हवा होता! म्हणजे एवढा मोठा डोंगर ओढत होता, पण अपेक्षेपेक्षा फारच कमी. 1855 मध्येच ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं: उंच भूभागाखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असतं आणि ते खालच्या जड थरावर हिमनगासारखं तरंगतं.

मूळ आलं कुठून, हे स्विस भूशास्त्रज्ञ एमिल आर्गां यांनी 1922 मध्ये ब्रसेल्सच्या परिषदेत मांडलं. भारताचं भूकवच आशियाखाली सरकलं, म्हणून तिबेटखाली कवच दुप्पट झालं. खंड सरकतात हेच तेव्हा बहुतेकांना मान्य नव्हतं. मला तरी हा त्या काळातला सगळ्यात धाडसी अंदाज वाटतो. पुढे भूकंपलहरींनी कवचाची जाडी सुमारे 70 किलोमीटर दाखवली. नेहमीच्या खंडीय कवचाच्या ती दुप्पट भरते. आर्गांचा तपशील आज जसाच्या तसा कुणी धरत नाही, जाडीचा मुद्दा मात्र टिकला.

टक्कर साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीची. त्याआधी वर्षाला 15 सेंटिमीटरहून जास्त वेगाने येणारा भारत पुढे 5 सेंटिमीटरच्या आसपास आला, पण थांबला नाही. जाड झालेलं कवच आतल्या किरणोत्सारी उष्णतेने तापतं आणि मधला थर मऊ पडतो. अशा पायावर फार उंच सुळका तग धरत नाही. भार बाजूला सरकतो, उंची वाढण्याऐवजी पठार रुंदावतं. दक्षिण तिबेट तर पूर्व-पश्चिम ताणला जातोय. यांगबाजिंगचे उकळते झरे अशाच एका उत्तर-दक्षिण खचदरीत आहेत.

उंची कधी आली, यावर मात्र अजून जुंपलेली आहे. मध्य तिबेटच्या लुनपोला खोऱ्यातल्या जुन्या चुनखडीतल्या ऑक्सिजन समस्थानिकांवरून (ऑक्सिजनच्या हलक्या-जड अणूंवरून; त्यांचं पावसातलं प्रमाण उंचीप्रमाणे बदलतं) तिथली जमीन साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच 4 किलोमीटरवर होती, असं निघालं. मग 2019 मध्ये त्याच खोऱ्यातल्या, अडीच कोटी वर्षं जुन्या खडकातलं ताडवर्गीय झाडाचं जीवाश्म पान जाहीर झालं. अशी झाडं तेव्हा फार तर 2,300 मीटरपर्यंतच वाढू शकली असती. पानावर काम करणाऱ्यांचं म्हणणं असं, की समस्थानिकांनी भोवतालच्या उंच डोंगरांवरचा पाऊस नोंदवला आणि झाड उभं होतं मधल्या खोल दरीत. तसं असेल तर पठार एकसंध वर उचललं गेलं नाही. आधी दोन रांगा उभ्या राहिल्या आणि मधली दरी नंतर गाळाने भरत व आवळत वर आली.