जट आली म्हणजे देवीनं बोलावलं?

"केसात जट आली म्हणजे यल्लम्मानं बोलावलं, कापली तर घरावर कोप." याच समजुतीपायी कित्येक मुली देवीला सोडल्या गेल्या. ही देवदासी प्रथा बंद करणारा कायदा महाराष्ट्रात २००५ चा. समजूत अजून आहेच.

प्रत्यक्षात होतं काय? विंचरणं राहतं, तेल-घाम-धूळ बसते, केस एकमेकांत अडकतात. मग भंडारा लावून, 'कंगवा लावू नको' सांगून तो गुंता पक्का केला जातो. देवीनं नव्हे, घरच्यांनीच! धुतलेली जट लवकर वाळत नाही, मान अवघडते, आत उवा होतात. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांनी शेकडो बायकांच्या जटा कात्रीनं काढल्यात. नवे केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, साधे, मोकळे.