शहात्तर मतदार आणि एक वही

बडोद्यात महापालिकेच्या शाळा चालवणारी नगर प्राथमिक शिक्षण समिती आहे, तिच्या निवडणुकीत आमचे सर तीनदा उतरले. दोनदा रिकाम्या हातांनी परत आले, तिसऱ्यांदा सभासद झाले. आता चौथ्यांदा उभे राहणार का, हा विषय दांडिया बझारात निघाला की नवी मुलं विचारतात, "पण याचं मतदान असतं कधी? आम्ही तर कधी केलं नाही." खरंच केलेलं नाही. मी केलेलं नाही, सरांच्या घरच्यांनी केलेलं नाही. सरांनी स्वतःसुद्धा स्वतःला मत दिलेलं नाही, कारण मत फक्त नगरसेवकांना असतं आणि ते नगरसेवक नाहीत. म्हणून हे जरा मागून सांगायला हवं.

अगदी मागचं सगळ्यांना पाठ आहे. सयाजीरावांनी 1893 साली अमरेलीकडे सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, 1906 साली ते साऱ्या संस्थानाला लागू झालं. बडोद्यात कुठलंही शैक्षणिक भाषण या दोन आकड्यांशिवाय सुरू होत नाही, सरांचंही नाही. भाषणात एवढंच राहून जातं की ती सक्ती दरबारच्या हुकमाने आली होती, मतपेटीतून नाही. आजच्या समितीचं मूळही तिथलं नाही. ते आहे 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्या राज्याचं कायद्याचं बिऱ्हाड इथे आलं. 1960 साली गुजरात वेगळं झालं तेव्हा हा कायदा गुजरातने ठेवून घेतला. 1963 पासून पंचायत राज आलं, तशी ग्रामीण भागातली स्कूल बोर्डं, म्हणजे अशाच समित्या, गेली आणि त्यांचं काम जिल्हा पंचायतीकडे गेलं. शहरांतली मात्र राहिली. पुण्याकडच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं, कारण त्यांच्याकडची महापालिकांची शिक्षण मंडळं गेल्या दशकात मोडीत निघाली.

आता खरा गुंता, आणि तो शब्दांचा आहे.

आपल्याकडे समित्या फार. खंडेराव मार्केटच्या इमारतीत महापालिका बसते, तिची स्थायी समिती असते. ती नगरसेवकांची, नगरसेवकांमधूनच निवडलेली. शाळेच्या व्हरांड्यात फळ्यावर नावं रंगवलेली असतात ती शाळा व्यवस्थापन समिती. ती 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकंदर निम्म्या बायका. आणि सर ज्या समितीवर आहेत ती तिसरीच. ती महापालिकेच्या शाळा चालवते, पण महापालिकेच्या कायद्याखाली नाही, त्या 1947 च्या कायद्याखाली. जुनी माणसं तिला अजून 'स्कूल बोर्ड' म्हणतात, गुजराती शेजारी 'शिक्षण समिती' म्हणतात, आणि आमच्याकडे दोन्ही एका वाक्यात येतात. या तिसऱ्या समितीवर नगरसेवक असायलाच हवा असं नाही. बाहेरचा माणूस येऊ शकतो, आणि बहुतेक वेळा बाहेरचाच येतो: ज्याने वॉर्डात पंधरा वर्षं सतरंज्या उचलल्या आणि ज्याचं तिकीट शेवटच्या रात्री कापलं गेलं, असा. मत देतात ते नगरसेवक. त्याशिवाय थोडे सभासद सरकार थेट नेमतं. म्हणजे एकाच टेबलाभोवती निवडलेले आणि नेमलेले शेजारी शेजारी बसतात, आणि चहा देणाऱ्यालाही फरक कळत नाही.

सरांच्या सत्काराच्या वेळी नेमका यावरून वाद झाला. एका मंडळाने छापलेल्या पत्रिकेत त्यांच्या नावाआधी 'लोकनियुक्त' असं विशेषण होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एका निवृत्त कारकुनांनी, जे आयुष्यभर कोठी कचेरीत मसुदे तपासत बसले, पत्रिका हातात घेतली आणि म्हणाले, "लोकांनी कुठे नेमलं? यांना नगरसेवकांनी निवडलंय. लोकांनी नगरसेवक निवडले. एक जिना मध्ये आहे." मंडळाच्या चिटणिसांचं म्हणणं, लोकांनी निवडलेल्यांनी निवडलं म्हणजे लोकांनीच निवडलं, राष्ट्रपतींचंही तसंच असतं. कारकून म्हणाले, राष्ट्रपतींना कोणी लोकनियुक्त म्हणतं का? तिसऱ्याने 'निर्वाचित' सुचवला, तर चौथ्याने तो हिंदी आहे म्हणून नाकारला. चिवडा मऊ पडेपर्यंत हे चाललं. शेवटी 'सभासद' एवढंच राहिलं आणि उरलेल्या पत्रिकांवर चिटणिसांच्या मुलीने व्हाइटनर लावला. जवळून पाहिलं तर खाली 'लोक' दिसत होतं.

हा वाद मी क्षुल्लक मानत नाही. कोण कोणाला उत्तर देणार, हे त्या एका शब्दावर ठरतं. लोकांनी निवडलेला माणूस पुढच्या वेळी लोकांकडे येतो. नगरसेवकांनी निवडलेला नगरसेवकांकडे जातो. आणि सरांच्या तीन प्रचारांचा इतिहास हा मुळात असा आहे, की ते हळूहळू पहिल्याकडून दुसऱ्याकडे कसे गेले. मला ते आवडलं नाही, हे लपवत नाही. पण त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं काय केलं असतं, तेही सांगता येत नाही.

पहिल्या वेळी सर शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. अपक्ष उभे राहिले. त्यांना वाटलं, मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या घसरते आहे, एकेक वर्ग शेजारच्या वर्गाला जोडला जातोय, हे कोणीतरी मांडायला हवं. त्यांनी चक्क पत्रकं छापली. 'पालकहो' अशी सुरुवात. नवापुरा, वाडी, बाबाजीपुरा, घरोघर वाटली. लोकांनी अगदी प्रेमाने घेतली, बसा म्हणाले, सरबत दिलं. त्यातल्या एकालाही मत नव्हतं. सूचक आणि अनुमोदक म्हणून सही करायला दोन नगरसेवक मिळवताना त्यांची जी दमछाक झाली, तिथेच निवडणूक संपली होती; निकाल नंतर लागला इतकंच. वहिनी अजून म्हणतात, "ती पत्रकं आम्ही दोन वर्षं फराळाच्या डब्यांखाली घालत होतो."

दुसऱ्या वेळेपर्यंत शहाणपण आलं होतं. 2015 पासून बडोद्यात वॉर्ड 19 झाले, प्रत्येकी चार नगरसेवक, निम्म्या जागा बायकांना. एकूण 76. सरांनी शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक नगरसेवकाला एक पान दिलं. पत्ता, कुठल्या शाळेत शिकला, घरात मराठी येते का, मुलं कुठल्या माध्यमात. ती वही मी पाहिली आहे. कडेला लाल पेनाने खुणा: बरोबरची खूण म्हणजे 'हो म्हणाला', पाण्याचा थेंब म्हणजे 'चहा दिला, काही बोलला नाही'. थेंबच जास्त. एका सकाळी साडेसातला मी सरांबरोबर एका नगरसेविकांकडे गेलो होतो. बेन देवपूजेत होत्या, त्यांचे यजमान बाहेर आले. सरांनी मराठी शाळांचं, बालवाडीचं, गळतीचं सगळं सांगितलं. यजमानांनी शांतपणे ऐकलं, शेवउसळ मागवली, तर्री वेगळी, आणि म्हणाले, "सर, तुमचं काम एक नंबर. पण संकलनात जे ठरेल ते."

संकलन हा शब्द इथल्या राजकारणात समजून घ्यावाच लागतो. समग्र सभेच्या, म्हणजे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या, आधी सत्ताधारी पक्षाचे नगरसेवक आणि पक्षाचे पदाधिकारी बसतात, तिथे कामाचा कागद पुढे ठेवून कशाला हात वर करायचा ते पक्कं होतं. नावंही तिथेच पक्की होतात. नंतर पक्षाचं 'मेन्डेट' निघतं, म्हणजे अधिकृत उमेदवारीची चिठ्ठी. ते मराठी घरांतही मेन्डेटच. ज्याच्याकडे ती नाही, त्याची वही कितीही भरलेली असो. सरांकडे नव्हती. त्यांनी अर्ज मागे घेतला. का घेतला, यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे त्यांना शब्द मिळाला, पुढच्या वेळी बघू. दुसरं, त्यांना समजावलं गेलं. सर स्वतः 'वेळ बघून' एवढंच म्हणतात.

आणि मग 2021. फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक झाली, 76 पैकी 69 एका पक्षाचे आणि 7 दुसऱ्याचे निवडून आले. या आकड्यांपुढे शिक्षण समितीत प्रचार कशाचा करायचा? त्यानंतर समितीची वेळ आली तेव्हा सरांनी वही काढली नाही. ते पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसले, चार महिने, जवळजवळ रोज. सतरंजी उचलली असं मी म्हणणार नाही, पण खुर्च्या लावताना त्यांना पाहिलेले लोक आहेत. यादी निघाली, त्यात त्यांचं नाव होतं. मतदानाच्या दिवशी ते खंडेराव मार्केटच्या आवारात, लोखंडी फाटकाजवळ, चपला झिजलेल्या बाजूने पाय टेकत उभे होते. आतून कोणीतरी 'झालं' म्हणून अंगठा वर केला आणि ते सभासद झाले. 'पालकहो' असं एकही पत्रक त्या वेळी छापलं नाही.

टीका करणारे म्हणतात सर विकले गेले. हे मला बरोबर वाटत नाही. पद्धतच अशी आहे की प्रचार वरच्या दिशेला करावा लागतो. पण एक मान्य करायला हवं: पहिल्या पत्रकातले मराठी शाळांचे मुद्दे तिसऱ्या वेळी कुठे गेले, हे कोणी विचारलं नाही, कारण ज्यांना विचारायचं होतं त्यांना मत नव्हतं आणि ज्यांना मत होतं त्यांनी ते पत्रक कधी वाचलंच नव्हतं.

समितीच्या हातात उरलंय काय, हाही प्रश्न आहेच. पूर्वी सभासदाला वजन होतं ते शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्यांमुळे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ठरावीक पगारावर शिक्षक नेमणारी विद्यासहायक योजना आली, पुढे टेट ही शिक्षकांची पात्रता परीक्षा आली, भरती गांधीनगरच्या यादीवरून व्हायला लागली. रोजचा कारभार शासनाधिकारी बघतात, ते सरकारी अधिकारी. समितीकडे अंदाजपत्रक, दुरुस्त्या, गणवेशाची खरेदी, आणि दर जूनमध्ये शाळाप्रवेशोत्सवात पहिलीच्या मुलांच्या हातात दप्तर देताना फोटो. अंदाजपत्रक लहान नसतं. वेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, बिलात शिक्षण उपकराची ओळ असते ती आपण सगळे भरतो, ज्यांची मुलं कधी त्या शाळांत गेली नाहीत तेसुद्धा. 2023 साली राज्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सगळ्याच शाळांना सक्तीचं केलं. आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना ते आधीपासून येतंच, पोळीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, मुलांबरोबर खेळून खेळून, त्यामुळे इथे त्यावर गदारोळ झाला नाही. सरांनी मात्र त्या वेळी समितीत एक प्रश्न विचारला असं कळलं: गुजराती शिकवायला शिक्षक देणार, तर मराठी शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत त्या कधी भरणार. इतिवृत्तात तो 'चर्चा झाली' या दोन शब्दांत बसला.

सध्या सरांकडे लोक येतात ते वेगळ्याच कामाला. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के मोफत जागांचे फॉर्म. ते काम समितीचं नाही, त्याची सोडत राज्य सरकार ऑनलाइन काढतं, सरांनी हे निदान शंभर जणांना सांगितलं असेल. कोणी ऐकत नाही. पाटीवर 'शिक्षण' लिहिलंय ना. मग सर चष्मा लावतात, ओटीवर खुर्ची ओढतात आणि उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला असं करत आईबापांच्या मोबाइलवर फॉर्म भरून देतात. ती शंभर पानी वही जवळच असते. मागच्या कोऱ्या पानांवर आता अर्जांचे नंबर आहेत.